जुने बडोदे, जुना कॅमेरा

बडोद्याच्या जुन्या शहराचा आराखडा ज्याच्या एकदा ध्यानी आला, तो तेथे सहसा वाट चुकत नाही. मधोमध मांडवी, तिच्यापासून चार दिशांना निघालेले चार रस्ते, आणि त्या रस्त्यांच्या टोकांशी चार दरवाजे. पश्चिमेस लहरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेस गेंडी दरवाजा. तटाची आठवण आता या दरवाज्यांपुरतीच उरली आहे. आम्हां उभयतांचा सारा जन्म या शहरात गेला, भाजी आणि फुले आणण्याच्या निमित्ताने मांडवीखालून हजारो वेळा जाणेयेणे झाले. परंतु या आराखड्यात उजेडाचे एक वेळापत्रक दडलेले आहे, हे आमच्या ध्यानी आले ते गेल्या वर्षीच्या श्रावणात. सकाळी आठाच्या सुमारास मांडवीपाशी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, की पाणीगेटाच्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पाठीशी ऊन असते. हातगाडीवाला, शाळकरी मुले, दुधाची किटली लावलेली सायकल, सारे काळ्या आकृत्यांसारखे पुढे येतात आणि मांडवीच्या सावलीत शिरल्यावर त्यांना चेहरे फुटतात. संध्याकाळी हाच खेळ लहरीपुऱ्याच्या अंगाने उलटा चालतो.

हे पाहण्याची दृष्टी आम्हांस एका जुन्या यंत्राने दिली, आणि ते यंत्र घेण्याची पाळी एका जुन्या घराने आणली.

दांडिया बाजारात आमच्या मोठ्या काकूंचा वाडा आहे. होता, असे आता म्हटले पाहिजे. दोन मजली, मध्ये चौक, चौकाच्या उत्तरेकडच्या अंगाला तुळशीवृंदावन, मागे माजघर आणि त्यापलीकडे स्वयंपाकघर. ओसरीवर गुजराती रीतीचा पितळी कड्यांचा झोपाळा, आणि भिंतीवर मात्र पंढरपूरची तसबीर. बडोद्यातील मराठी घरांचे हे मिश्रण बडोदेकर वाचकांना निराळे सांगावयास नको. काकूंचे वय ब्याऐंशी. त्यांचे दोन्ही चिरंजीव परदेशी, कन्या याच शहरात पण नव्या वस्तीतील सदनिकेत. वाडा विकण्याचे ठरले आणि दिवाळीच्या पाडव्याला किल्ल्या द्यावयाच्या, असा करार झाला. बातमी कळली तेव्हा आमच्या मनात प्रथम आले ते हे, की त्या घराची चार छायाचित्रे सोडली तर आमच्यापाशी काहीच नाही. छायाचित्रांत घर असते, पण घरातील हालचाल नसते. काकू सुपात डाळ कशी पाखडतात, वाती वळताना ओठांत काय पुटपुटतात, जिना उतरताना कोणत्या पायरीवर थांबतात, हे कोठे राहणार?

मोबाईलवर काय निघत नाही, असे कोणी विचारील. निघते. चांगलेही निघते. पण मोबाईल स्वतःच्या बुद्धीने चित्र उजळ करतो, अंधार पुसून टाकतो, रंग गडद करतो. वाड्याचे सारे वैभवच अंधारात होते. माजघरातील दुपारचा काळोख हा जर चित्रातून नाहीसा झाला तर ते माजघर कोणाचे, हे ओळखू यावयाचे नाही. आम्हांला असे साधन हवे होते, की जे उजेड जसा आहे तसा टिपील आणि निवाडा आमच्यावर सोपवील.

चित्रपटासाठी बनविलेले डिजिटल कॅमेरे नेमके हेच करतात. नवे घ्यावयाचे तर निवृत्तिवेतनाला ते झेपणारे नव्हते. चौकशीअंती ध्यानी आले, की २०१३ साली ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने बाजारात आणलेला पहिला पॉकेट सिनेमा कॅमेरा आता बऱ्याच हौशी मंडळींनी कपाटात टाकला आहे. २०१८ व २०१९ साली त्याच नावाचे मोठे धाकटे भाऊ आले आणि हा वडील मागे पडला. याचा सेन्सर साडेबारा मिलिमीटर रुंद व सात मिलिमीटर उंच, म्हणजे जुन्या सुपर सोळा मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा. आजच्या मानाने चित्राचा तपशील कमी, पण काळोख आणि उजेड यांच्यातील तेरा स्टॉपांचे अंतर तो एका चित्रात सांभाळू शकतो. स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट. तेरा वेळा दुप्पट केले म्हणजे आठ हजार पटींहून अधिक होतात. माजघराचा कोनाडा आणि चौकातील ऊन यांना एका चौकटीत बसवावयाचे तर असेच काही लागते.

हा कॅमेरा आम्हांला अहमदाबादेस मिळाला. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या एका तरुणाने तो काही वर्षे वापरून ठेवून दिला होता. एका रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही गेलो. तरुण मोठा सरळ मनाचा; त्याने चहा दिला, बिल दिले आणि म्हणाला, हवा तेवढा वेळ तपासा. आम्ही तो घेतला. वापरलेला कॅमेरा घेताना काय पाहावे, हे कोणी वाचक विचारतील म्हणून सांगून ठेवतो. भिंगावर झाकण ठेवून, संवेदनक्षमता सर्वांत अधिक करून मिनिटभर चित्रण करावे. त्या काळ्या चित्रात एकाच जागी चमकणारे ठिपके दिसले तर सेन्सरचे ते बिंदू बिघडले असे समजावे. मग भिंगाचे तोंड अगदी लहान करून कोऱ्या आकाशाचे चित्रण करावे, म्हणजे धूळ आणि ओरखडे उघडे पडतात. ज्या खाचांत वायरी लागतात त्या हलवून पाहाव्यात, कारण कॅमेऱ्याचे काळीज शाबूत असूनही तो मरतो तो बहुधा या खाचांपाशी. एक पूर्ण कार्ड भरेपर्यंत तो न थांबता चालतो की नाही, हे पाहण्यास वेळ लागतो, पण तेवढा वेळ द्यावाच. आणि क्रमांक मूळ बिलाशी ताडून पाहावा. चोरीचा माल स्वस्त असतो.

तीस हजारांच्या आत सौदा झाला. गाडीस अवकाश होता, म्हणून साबरमतीच्या काठी भरणाऱ्या रविवारच्या गुजरी बाजारात शिरलो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी अहमदाबादेस गेल्यावर अवश्य पाहावा. खाटा, कुलपे, जुनी पुस्तके, शिवणयंत्राची चाके, बकऱ्या, आणि यांच्यामध्ये एका गोणपाटावर दुर्बिणी व भिंगे मांडून बसलेला एक म्हातारा. त्याच्यापाशी आमच्या गृहिणीच्या हाती एक लहानसे पितळी कड्याचे भिंग लागले. पंचवीस मिलिमीटरचे, सोळा मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर पेचाने बसणाऱ्या जातीचे. आत कडेला बुरशीची बारीक नक्षी होती, पण मध्यभाग स्वच्छ. ज्या काळी ते बनले त्या काळी त्याने फिल्मच्या एवढ्याच चौकटीवर प्रतिमा टाकली असणार. एक जोडकडे मधे घातले की ते या नव्या यंत्रावर तंतोतंत बसते. म्हाताऱ्याने दोनशे सांगितले, आम्ही दीडशे म्हटले, त्याने एकशे ऐंशीला दिले. पुढे काकूंच्या हातांची सारी चित्रे याच भिंगातून निघाली. एवढ्या लहान सेन्सरवर पंचवीसचे भिंग दुर्बिणीसारखे वागते, लांबून जवळचे दाखवते. खोली टिपावयाची तर बारा मिलिमीटरचे रुंद भिंग लागते, ते मात्र पदरचे पैसे मोडून निराळे घ्यावे लागले.

येताना गाडीत आमच्यात एक निश्चय झाला. पाडव्याला अडीच महिने होते. पहिले सहा आठवडे वाड्यात कॅमेरा न्यावयाचाच नाही. काकूंचा वेळ हा आमच्या शिकण्यासाठी नाही. शिकावयाचे ते शहरात, रस्त्यावर, जेथे आपले काही बिघडले तरी उद्या पुन्हा सूर्य उगवतो आणि तीच हातगाडी पुन्हा येते.

या बाबतीत आमच्यासमोर एक थोर उदाहरण होते आणि ते बडोद्याशीच जोडलेले आहे. दादासाहेब फाळके १८९० साली सयाजीराव महाराजांनी उघडलेल्या येथील कलाभवनात छायाचित्रण शिकले. पुढे १९१२ साली त्यांनी विमा गहाण ठेवून लंडन गाठले व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. पण कॅमेरा आल्याबरोबर त्यांनी हरिश्चंद्र राजाला समोर उभे केले नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंतचे चित्रण थोड्या थोड्या अवकाशाने करून ठेवले. फिल्मच्या कडेची भोके पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई घरच्या अंधारात करीत. १९१३ च्या मे महिन्यातील ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. आमच्यात आणि त्यांच्यात तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु वाटाण्याची युक्ती कोणीही उचलावी. आमचा वाटाणा म्हणजे मांडवी.

पहिला आठवडा आम्ही केवळ एका आकड्यापायी घालविला. आपल्या देशातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. दुकानातील नळकांडी दिव्यांखाली चित्रण करताना कॅमेऱ्याचा वेग या आवर्तनांशी जुळला नाही, तर चित्रात उजेड लपलपतो. सेकंदास पंचवीस चित्रे आणि शटर एकशे ऐंशी अंशांवर, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग, हे गणित आपल्या विजेला मानवते. अमेरिकन पुस्तकांतील चोवीस चित्रांचा मंत्र येथे तसाच म्हणू नये. मांडवीजवळच्या एका कासाराच्या दुकानात, भांड्यांच्या झगमगाटात, आम्ही दोन्ही रीती पडताळून पाहिल्या. दुकानदाराने स्टूल दिले, पाणी दिले आणि विचारले, ‘‘कई चॅनल पर आवशे?’’ कोणत्याच चॅनेलवर नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह किंचित ओसरला, पण स्टूल त्याने परत मागितले नाही.

दुसरा धडा सूरसागराने दिला. सरोवराच्या मध्यभागी उभ्या असलेल्या शंकराच्या प्रचंड मूर्तीला २०२३ साली सुवर्णलेप झाला. श्रावणातील ढगांतून ऊन एकाएकी बाहेर आले, की ती मूर्ती अशी पेटते की डोळे दिपावेत. या जातीच्या कॅमेऱ्याला अंधाराचे भय नाही, अतिउजेडाचे आहे. काळ्या भागातून मागाहून पुष्कळ काही वर काढता येते. पांढरे एकदा जळून गेले की तेथे काही उरतच नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर अतिउजेडाच्या जागी तिरप्या रेषा उमटविण्याची सोय असते. त्या रेषा मूर्तीच्या खांद्यावर दिसेनाशा होईपर्यंत भिंगाचे तोंड मिटत जावयाचे आणि बाकीचा घाट, वडापाववाले, कठड्यावर बसलेले पेन्शनर कितीही काळवंडले तरी घाबरावयाचे नाही. पडद्यावर दिसणारे चित्र मुद्दामच फिके, राखेसारखे ठेवतात. त्याचा खरा रंग पुढे संगणकावर चढतो. आमच्या शेजाऱ्यांनी ते फिके चित्र पाहून हळहळ व्यक्त केली व स्वतःच्या मोबाईलवरील मूर्ती दाखविली. ती खरोखरच अधिक सोनेरी होती.

भर दुपारी आणखी एक पंचाईत उभी राहते. शटर पन्नासाव्या भागावर बांधलेले, संवेदनक्षमता आठशेवर, आणि भिंग मध्यम उघडे ठेवावयाचे म्हटले तर आपल्याकडील उन्हात पाहिजे त्याच्या शेसव्वाशे पट उजेड आत येतो. तो अडविण्यासाठी भिंगापुढे राखी रंगाची काच लावतात. व्यवसायातील लोक तिला एनडी म्हणतात. पण साधी गडद काच दिसणारा उजेड अडविते आणि न दिसणारे तांबडे किरण आत सोडते, त्यामुळे काळे कापड तपकिरी दिसू लागते. न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर एके काळी काळ्या कोटांची गर्दी असे. न्यायालय तेथून हलले आणि ती वास्तू आता मुकी उभी आहे, नाही तर या परीक्षेला तिच्याएवढी सोयीची जागा नव्हती. आम्ही ती परीक्षा एका काळ्या छत्रीवर केली. तांबडे किरणही अडविणारी काच थोडी महाग मिळते. घ्यावयाची तर तीच घ्यावी.

तांबेकर वाड्यात आम्ही कॅमेरा पिशवीतून काढला नाही. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा चौमजली लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे, आणि तेथे ट्रायपॉड मांडून चित्रण करावयाचे तर रीतसर परवानगी हवी. आम्ही गेलो होतो उजेड मोजावयास. भिंतीभर चित्रे: मराठ्यांची इंग्रजांशी झालेली युद्धे, कृष्णलीला, भारतातील प्रसंग, काही पोपडे धरून गेलेली, काही अजून ताजी. त्या काळच्या रंगाऱ्याने खिडकीच्या उजेडाचा अंदाज घेऊन रंग लावले असतील, असे तेथे तासभर बसल्यावर वाटू लागते. खिडकीशी उभे राहून बाहेरचे ऊन मोजले, मग आतला कोपरा मोजला. दोहोंत दहा स्टॉपांचे अंतर आले. म्हणजे खिडकी आणि कोपरा दोन्ही आमच्या यंत्राच्या आवाक्यात येत होते, आणि वर थोडी शिल्लक राहत होती. तो आकडा वहीत लिहून आम्ही बाहेर पडलो. काकूंच्या माजघराचा प्रश्न कागदावर सुटला होता.

सहा आठवडे सरले तेव्हा पितृपक्ष आला होता. नवरात्र बसल्यावर पहिल्या दिवशी आम्ही वाड्यात गेलो. काकू ओसरीवर झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्यांना सारे समजावून सांगितले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘अरे, पडायला आलेल्या घराची चित्रं कसली काढतोस? घर नांदतं होतं तेव्हा कुणी आलं नाही काढायला.’’

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवशी आम्ही चहा घेऊन परत आलो. रात्री उभयतांत बराच वाद झाला. एकाचे म्हणणे, काकूंचे दुःख हे चित्रणाचा विषय होऊ नये. दुसऱ्याचे म्हणणे, त्या नकार देऊन मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी तो दिला नाही, तक्रार केली, आणि तक्रार ज्याला आपले मानतो त्याच्यापाशीच करतात. दोन दिवसांनी काकूंचाच निरोप आला. त्यांनी एक अट घातली. देवघर टिपावयाचे नाही. ‘‘देव माझ्याबरोबर येणार आहेत गं, त्यांची आठवण कशाला ठेवायची?’’ असे त्या आमच्या गृहिणीस म्हणाल्या. अट आम्ही अक्षरशः पाळली. पूजेच्या वेळी कॅमेरा माजघराच्या उंबऱ्याकडे वळवून ठेवला. चित्रात रिकामा उंबरा आहे आणि आतून घंटेचा आवाज येतो.

त्या आवाजाविषयी दोन शब्द. या कॅमेऱ्यातील ध्वनिग्रहण कामचलाऊ समजावे; आवाजासाठी निराळे यंत्र घेऊन ते बोलणाऱ्याच्या जवळ ठेवणे उत्तम. आरंभी एकदा टाळी वाजवावी. चित्रात तळहात एकमेकांना लागतात तो क्षण आणि आवाजातील टाळी एकावर एक ठेवली की दोन्ही जुळतात. टाळीचे काम काकूंकडे होते आणि ते त्यांना आवडू लागले होते. नवरात्रात बडोद्यास रात्री आवाज टिपण्याचा विचारही करू नये. अर्ध्या शहराचा गरबा प्रत्येक कोनाड्यात शिरतो. आम्ही सकाळी सात ते दुपारी एक एवढाच वेळ धरला.

एक वाजेपर्यंत, कारण चौकात ऊन तोपर्यंतच असे. आश्विन सरत चालला की सूर्य दक्षिणेकडे उतरत जातो आणि दक्षिणेच्या भिंतीची सावली दिवसागणिक उत्तरेकडे सरकते. नवरात्रात ऊन वृंदावनाच्या पायाशी जमिनीवर पडत होते. कोजागिरीला ते वृंदावनाच्या पहिल्या थरावर चढले. धनत्रयोदशीला जमीन सबंध सावलीत होती आणि ऊन फक्त तुळशीच्या शेंड्यांवर. काकूंना हे सारे पाठ होते. ‘‘मंजिऱ्यांवर ऊन आलं की फराळाची घाई करायची,’’ असे त्या म्हणाल्या. साठ वर्षे त्यांनी त्या उन्हावर सणांची तयारी बेतली होती. तेव्हा आम्हीही कॅलेंडर बाजूला ठेवून त्यांच्याच हिशेबाने चाललो: आज पायरीवर ऊन आहे, तर आज तुळशीला पाणी घालण्याचे चित्रण, उद्या ते तेथे मिळणार नाही.

माजघरात डाळ निवडण्याचे चित्रण झाले ते आमच्या मते सर्वांत उतरले. उजेडासाठी एकही दिवा लावला नाही. दारातून येणारे चौकाचे ऊन पुरेसे होते. समोरच्या भिंतीला फक्त एक जुनी पांढरी चादर टांगली, म्हणजे तो उजेड परतून काकूंच्या उजव्या गालावर हलकासा पडावा. त्या दिवशी काकू बारीक चौकड्यांचे लुगडे नेसल्या होत्या. अशा सेन्सरांवर बारीक चौकडी, जाळी, विटांच्या ओळी यांतून नसलेले रंगीत तरंग उठतात. लुगडे बदला असे ब्याऐंशी वर्षांच्या बाईस कसे सांगावे? आमच्या गृहिणीने युक्ती केली. कॅमेरा हातभर पुढे घेतला आणि चौकट फक्त सूप, हात आणि चेहरा एवढ्यावर आणली. लुगडे दूर, अस्पष्ट झाले आणि तरंग गेले.

कामाचा व्याप म्हणाल तर तोही थोडा नाही. बॅटरी तासाभराच्या आतबाहेर संपते, म्हणून चार बॅटऱ्या आणि दोन चार्जर. चांगल्या प्रतीची प्रोरेस चित्रणे चौसष्ट जीबीच्या कार्डावर जेमतेम पाऊण तास मावतात. दररोज घरी आल्यावर जेवणापूर्वी दोन निरनिराळ्या डिस्कांवर प्रत करून ठेवणे हा नेम. एक डिस्क आमच्याकडे, दुसरी आमच्या कन्येकडे. पाऊस-दमटीच्या दिवसांत भिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात, दमट हवा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या घालून. रंग चढविण्याचे व जोडणीचे काम ज्या प्रणालीवर होते तिची बिनखर्चाची आवृत्ती मिळते आणि आमच्यासारख्यांना ती पुरून उरते. वरचा सारा पसारा वाचून ज्यांचा धीर खचला असेल त्यांना एवढेच सांगतो, की दोघे असावेत. एकाने कॅमेऱ्यात पाहावे, दुसऱ्याने माणसाकडे. आमच्याकडे ही वाटणी आपोआप झाली, आणि कोण कोणते काम करीत असे हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच.

पाडव्याच्या दिवशी चित्रण करावयाचे नाही, हे आधीच ठरले होते. सकाळी सामानाचा टेम्पो आला. झोपाळ्याची पितळी कडी काकूंनी काढून घेतली, फळी तेथेच ठेवली. तुळस कुंडीत काढून मांडीवर घेऊन त्या पुढच्या आसनावर बसल्या. कॅमेरा आमच्या घरी कपाटात होता.

एकंदर चित्रण अकरा तासांचे भरले, त्यातून चाळीस मिनिटांचा पट तयार करण्यास दीड महिना लागला. मार्गशीर्षातल्या एका दुपारी कन्येच्या सदनिकेत, टेलिव्हिजनवर, आम्ही तो काकूंना दाखविला. नातेवाईक मंडळी माजघर पाहून हेलावली. काकू मात्र अत्यंत चिकित्सकपणे पाहत होत्या. जिन्याच्या सातव्या पायरीवर आपण थांबतो हे त्यांना मान्य झाले नाही. डाळ ‘जरा जाडीच दिसते’ म्हणाल्या. मग वृंदावनाचा प्रसंग आला: पायरीवर उन्हाची पट्टी, त्या पट्टीत तांब्या धरलेला हात, आणि पाण्याची धार.

‘‘हे काय,’’ काकू म्हणाल्या, ‘‘मी तुळशीला डाव्या हातानं पाणी घालते? इतकी वर्षं? सासूबाईंनी पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं मला.’’

खोलीत हशा पिकला. काकू हसल्या नाहीत. पदर सावरून त्या थोड्या पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, ‘‘तेवढं पुन्हा लाव बघू.’’